आंबेगावलाही किनारा आहे

महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ६५२ किलोमीटरवरून ८७७ किलोमीटर झाला, ही बातमी आता शिळी झाली. समुद्र वाढला नव्हता, मोजपट्टी बारीक झाली होती. खाड्या-खाचाही हिशेबात आल्या. धुपेची आणि बंधाऱ्यांची चर्चा त्यानंतर रीतसर चालू आहेच. पण हीच मोजपट्टी कुणी डिंभे धरणाच्या काठाने फिरवली तर?

कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं, डिंभे त्यांतलंच एक, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत. ज्या गावामुळे आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं, ते गावच डिंभ्याच्या पोटात गेलंय. या पाण्याला दर डोंगरघळीत शिरलेला काठ आहे, आणि तोही ढासळतो. भरतीऐवजी इथे आवर्तन असतं. पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या धरणामुळे काठाची माती भिजून फुगते. खालच्या तालुक्यांसाठी पाणी सुटलं की तिचा आधार झटकन निघतो, आतलं पाणी मात्र आतच राहतं आणि काठ बसतो. मे महिन्यात गेलात तर उतारावर पातळीच्या रेघा दिसतात, पातेल्यात आटलेल्या दुधासारख्या. उघड्या पडलेल्या गाळात विस्थापित कुटुंबं गाळपेर करतात. त्यांच्यासाठी काठ म्हणजे दरवर्षी सरकणारं शेत.

आता माझा जुना हट्ट. काठ काठावर वाचत नाही, वरच्या उतारावर वाचतो. धरणात येणारी माती तिथूनच सुटते. तिला अडवण्याची इथल्या महादेव कोळ्यांची रीत म्हणजे पडकई. देशावरच्या इर्जिकीची ही डोंगरातली बहीण. आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या. पहारीने दगड सुटा करायचा, मोठा खाली, लहान वर असा बांध रचायचा, मागे माती ओढून भाताचं खाचर तयार करायचं आणि जादा पाण्याला वाट ठेवायची. ही वाटच महत्त्वाची. पाणी अडवताना ते सोडायचं कुठून, हे त्या बांधाला ठाऊक असतं. किनाऱ्यावर ओतलेल्या कित्येक भिंतींना ते अजून उमगलेलं नाही.

३० जुलै २०१४ ला याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. एसटीच्या चालकाला जागेवर गाव दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. १५१ माणसं गेली. अतिवृष्टी तर होतीच. पण वर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाने उतार सैल झाला, असा आरोपही झाला. ते कामही पडकईच्याच नावाने चाललं होतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. हे मला सर्वांत खुपतं. रीत हातांची होती, उचललं फक्त नाव. जेसीबी एका दिवसात डोंगराची जेवढी कड कापतो, तेवढी कापायला माणसांना हंगाम लागतो. आणि त्या हंगामात कुठला दगड हलतोय, कुठून पाझर फुटलाय, हे कुदळ मारणाऱ्याला कळत जातं.

डिंभ्याच्या विस्थापितांसोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेने मासेमारी आणि गाळपेरीबरोबर पडकईही रोजगार हमीतून करून घ्यायचा आग्रह धरला. २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कोकणचा किनारा वाचवण्याच्या आराखड्यासाठी सल्लागार शोधणाऱ्यांनी एकदा आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावची एसटी धरावी. पावसाळ्यात. बांध फुटला की घरचं माणूस इरलं घेऊन त्याच दुपारी तो बुजवायला निघतं, निविदा न काढता.