पोकलेन अडते तेव्हा दोष कुणाचा?



उन्हाळा लागला की लोहा-कंधार भागातल्या तलावांत पोकलेन उतरतात. लोहा तालुक्यात लिंबोटीचे धरण आहे, शेजारी कंधार तालुक्यात बारूळचे, आणि गावोगावचे पाझर तलाव वेगळेच. राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. गाळ निघाला की तलावात पाण्याला जागा होते आणि तोच गाळ शेतकरी आपल्या हलक्या रानात पसरतो. पण हे सारे मृगाच्या पावसाआधी उरकावे लागते.

मी ज्या मुलांबरोबर काम करतो, त्यांतली काही गोंड, कोलाम व आंध समाजांतली आहेत. ती किनवट-माहूरकडून हेल्पर म्हणून या मशिनींवर येतात आणि हळूहळू ऑपरेटर होतात. भाडे तासावर असते. मशीन थांबली की ट्रॅक्टरची रांग थांबते, मालक चिडतो आणि आळ बहुधा पोरावर येतो : “लिव्हर हिसकली असशील!” मग हजेरी कापली जाते. म्हणून जॉयस्टिक कशी चालते आणि बिघाड कसा ओळखायचा, हे मी जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतले. ते आपल्यापुढे ठेवतो.

पोकलेनच्या सीटच्या दोन बाजूंना दोन जॉयस्टिक असतात. बहुतेक मशिनींत डावीने मशीन गरागरा फिरते व आर्म आत-बाहेर होतो, उजवीने बूम आणि बकेट चालते. जुन्या पद्धतीत जॉयस्टिकखाली छोटा व्हॉल्व्ह असतो. लिव्हर कलली की कमी दाबाचे तेल, ज्याला पायलट तेल म्हणतात, मुख्य व्हॉल्व्हपर्यंत जाते आणि त्याला सरकवते. हे कासऱ्यासारखे आहे. कासरा ओढला की बैल वळतो, मध्ये कुणी नाही.

नव्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत मात्र निरोप्ये आले. जॉयस्टिकमधला सेन्सर लिव्हर किती कलली ते विजेच्या भाषेत सांगतो. तो निरोप तारेवरून कंट्रोलरकडे, म्हणजे मशीनच्या संगणकाकडे जातो. कंट्रोलर हिशेब करून सोलेनॉइड व्हॉल्व्हला करंट देतो आणि तो व्हॉल्व्ह पायलट तेल सोडतो. निरोप कुठल्या टप्प्यावर अडला, हे शोधणे म्हणजेच बिघाड शोधणे. त्यामुळे आपल्या मशिनीत कोणती पद्धत आहे, हे आधी विचारून घ्यावे. दोन्हींची तपासणी वेगळी असते.

कोणत्याही तपासणीआधी बकेट जमिनीवर टेकवावी, सीटजवळची सेफ्टी लिव्हर लॉक करावी, इंजिन बंद करून चावी काढावी आणि हेल्परला बूमच्या पल्ल्यातून बाहेर काढावे. चुकीचा निरोप गेला तर मशीन न सांगता हलू शकते. भाड्याचा तास बुडाला तर चालेल, माणूस बुडता कामा नये.

मग तीन प्रश्न विचारावेत. एकच हालचाल बंद आहे की सगळ्या? सगळ्याच बंद असतील तर सेफ्टी लिव्हरचा स्विच, फ्यूज, बॅटरी किंवा पायलट पंप यांच्याकडे बोट जाते. दुसरा प्रश्न, बिघाड सतत आहे की मधूनमधून? धक्का बसल्यावर किंवा ऊन तापल्यावर येत-जात असेल तर सैल प्लग किंवा आतून तुटलेल्या तारेचा संशय घ्यावा. तिसरा, त्याआधी काय झाले होते? मशीन धुतली होती का, पाऊस आला होता का, वेल्डिंग केले होते का, बरेच दिवस उभी होती का? उभ्या मशिनीतल्या तारा उंदीर कुरतडतात, हे खेड्यात सांगायला नको.

यानंतर मॉनिटरवरचा कोड लिहून घ्यावा. कोड पार्ट बदलायला सांगत नाही, कुठे पाहायचे तेवढे सांगतो. ‘व्होल्टेज कमी’ असा कोड तुटलेल्या तारेनेही येतो आणि बिघडलेल्या सेन्सरनेही. म्हणून आधी स्वस्त गोष्टी पाहाव्यात : चोवीस व्होल्टची बॅटरी, तिची टोके, अर्थिंग आणि प्लगमधली हिरवट बुरशी किंवा चिखल.

पुढचे काम मीटरचे, आणि ते जाणकाराच्या हातचे. पुष्कळ जॉयस्टिकना ५ व्होल्टचा पुरवठा असतो. लिव्हर मध्यावर असताना सेन्सर साधारण २.५ व्होल्ट दाखवतो. एका टोकाला तो अर्ध्या व्होल्टजवळ उतरतो, दुसऱ्या टोकाला साडेचारजवळ चढतो. नेमके आकडे त्या मॉडेलच्या पुस्तकातच पाहावेत. आकडा मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर झिजला असे समजावे. काही मशिनींत निरोप कॅन नावाच्या दोन तारांच्या जोडीवर जातो. तिथे वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजतात. तो साठ ओहमच्या आसपास यावा. एकशेवीस आला तर एका टोकाचा रोधक किंवा तार तुटलेली असते.

दोन प्लगांची अदलाबदल करून पाहण्याची युक्ती काही मिस्त्री वापरतात. नवख्याने ती करू नये. बकेट हलवायला जावे आणि बूम खाली यावी, असा तो प्रकार असतो.

वीज सगळी ठीक निघाली, तरच तेलाकडे वळावे : पायलट दाब, फिल्टर, अडकलेला व्हॉल्व्ह. ही पायरी शेवटची ठेवल्याने पैसे वाचतात. नवी जॉयस्टिक बसवली तर कॅलिब्रेशन करून घ्यावे. नाहीतर चांगला पार्टही वेडेवाकडे चालतो.

मुलांना मी एक साधी वही ठेवायला सांगतो. तारीख, वेळ, मशीनचा तास, कोणती हालचाल अडली, कोणता कोड आला, त्याआधी काय घडले. चार ओळी पुरतात. मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो, आणि प्लगमध्ये पाणी गेले होते हे कागदावर असले की “पोरानेच मोडली” असे कुणाला सहज म्हणता येत नाही. ज्याच्याकडे बोलायला शब्द कमी आहेत, त्याच्या बाजूने ही वही बोलते.

आपल्या मंडळीत वायरमन, ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मिस्त्री असतील, तर पावसाळ्यात मशिनी उभ्या असताना दोन दिवस काढून या मुलांना मीटर धरायला शिकवावे, अशी विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात तलावात उतरताना ते शिक्षण त्यांच्या कामी येईल.