लांब केसांच्या लहान कुत्र्याची निगा

गाय, बैल, म्हैस व शेळी यांच्या आरोग्याविषयी या मासिकात वेळोवेळी लेख येत असतात. राखणीच्या गावठी कुत्र्याविषयी कोणी लिहीत नाही. तो आपला निर्वाह आपणच पाहतो. परंतु अलीकडे आपल्या पुष्कळ घरांत एक निराळाच प्राणी येऊन राहिला आहे. पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी हौसेने घ्यावा आणि बदली होताच आईवडिलांच्या ओसरीवर आणून सोडावा, असा हा पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा. आमच्या घरी मोती याच वाटेने आला. त्याची निगा कशी राखावी हे मला कोणी सांगितले नव्हते. जे कळले ते एकदा त्याचा जीव धोक्यात घालून कळले. म्हणून हा लेख.

प्रथम नावाविषयी. यास आपल्याकडे सरसकट 'पामेरियन' म्हणतात. ते नाव बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोमेरेनिया या थंड प्रदेशावरून पडले. १८८८ साली इटलीच्या प्रवासात व्हिक्टोरिया राणीने या जातीचे कुत्रे घेतले, तेव्हापासून त्याची कीर्ती विशेष वाढली. आपल्या घरांत असतो तो मात्र बहुधा 'इंडियन स्पिट्झ', म्हणजे इंग्रजी अमदानीत येथे आलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांची संतती. 'हम आपके हैं कौन' या १९९४ सालच्या चित्रपटातील टफी तो हाच. दप्तरात एकदा नाव चुकीचे चढले म्हणजे ते पुढील सर्व नकलांत तसेच उतरत जाते, हे मी तीस वर्षे महसूल खात्यात पाहिले आहे. येथेही तोच प्रकार झाला.

या कुत्र्याचे केस दुहेरी असतात. वर लांब, सरळ व काहीसे राठ केस. त्यांखाली कापसासारखी दाट लव. उन्हाळा आला की 'बिचाऱ्यास उकडत असेल' या दयाबुद्धीने कित्येक लोक त्याचे केस वस्तऱ्याने मुळापासून उतरवितात. ही दया नव्हे. गवताने शाकारलेले छप्पर जसे थंडीबरोबर ऊनही अडविते, तसेच हे आवरण आहे. ते काढल्याने कातडी उन्हाने भाजते, आणि पुढे केस विरळ व ठिगळांसारखे येण्याचे भय असते. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालवितो. परभणीचा वैशाख ज्यास ठाऊक आहे त्यास अधिक सांगणे नको. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच त्यास फिरवून आणावे, दिवसा ओलसर फरशीवर व सावलीत ठेवावे, आणि पाण्याचे भांडे कधीही रिकामे राहू देऊ नये. जीभ लाल होऊन, लाळ गळून तो झोकांड्या खाऊ लागला, तर साधे गार पाणी पोटास व पायांस लावून वारा घालावा व विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे.

केस विंचरणे हे निगेचे मुख्य अंग होय. वरवर हात फिरविल्यासारखी फणी मारून काही उपयोग नाही. केसांचा एक एक थर उचलून, कातडी दिसेपर्यंत भांग पाडीत, मागील पायांपासून मानेकडे यावे. एक दिवसाआड हे झाले तर पाव तास पुरतो. आठवडा चुकला की कानांमागे, काखेत व मांड्यांच्या आतील बाजूस जटा बनतात. जट बोटांनी टोकाकडून सैल करावी. सुटेनाच, तर कातडी व जट यांच्यामध्ये फणी सरकवून फणीच्या वरच्या बाजूने कातरावी. नुसती कातरी घातल्यास कातडी कापली जाते. स्नान तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. परंतु विंचरल्यावाचून स्नान घालू नये, कारण भिजलेली जट नमद्यासारखी घट्ट होते. स्नानानंतर, व पावसाळ्यात बाहेरून आल्यावरही, मुळापर्यंत अंग कोरडे करावे. ओल राहिल्यास खाली चट्टे पडतात.

आश्विन-कार्तिकात शिवार सुकू लागले म्हणजे कुसळीची पीडा सुरू होते. कुसळाच्या टोकास उलटे काटे असल्यामुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यांत किंवा कानात शिरले म्हणजे मांसात जाऊन गळू होते. बांधावरून परत येताच चारही पंजे चाचपावे.

आता गोचिडाविषयी. मोती आला त्या वर्षी श्रावणात दोन दिवस त्याने अन्न सोडले. आमच्या सौ. म्हणाल्या, मुलाची आठवण काढीत असेल. मलाही ते पटले. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. केस बाजूस सारून पाहिले तो मानेखाली व कानांत गोचीड द्राक्षांच्या घडाप्रमाणे लटकलेले, आणि हिरड्या पांढऱ्याफटक. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे. तेथील रुग्णालयात नेले. रक्त तपासून गोचीड-ताप असल्याचे निदान झाले. सुमारे महिनाभर औषध चालले, तेव्हा तो वाचला. वरून केस शुभ्र दिसत होते, म्हणून मी आत कधी पाहिलेच नव्हते.

कुत्र्याचा तपकिरी गोचीड घरातही वाढतो. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते व भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. भेगा लिंपाव्या व त्याचे अंथरूण कडक उन्हात घालावे. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पिकावर फवारण्याचे विष, अथवा बैलांच्या अंगास लावण्याचे गोचिडाचे औषध अंदाजाने कालवून कुत्र्यास कदापि लावू नये. लांब केसांत ते साठून राहते, कातडीतून आत जाते, आणि कुत्रा अंग चाटून ते पोटातही घेतो. चार किलोच्या जिवास बैलाचे माप मानवत नाही. त्याच्या वजनाप्रमाणे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे.

आहारात कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट वर्ज्य समजावे. नखे महिन्यातून एकदा पाहावी. आतील बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीस लागत नाही, त्यामुळे ते वळून मांसात रुतते.

पिसाळ रोगाची लस पहिल्या तीन महिन्यांचे वय होताच व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे टोचून घ्यावी. कुत्रा घरातला, कोठे जात नाही, ही सबब चालत नाही. गावातील मोकाट कुत्रे फाटकातूनही चावा घेते. कोणत्याही कुत्र्याने माणसास चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हा रोग एकदा प्रकट झाला म्हणजे इलाज उरत नाही. मी मोतीच्या लसींच्या तारखा सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत एकाच पिशवीत ठेवतो, म्हणजे कागद शोधण्यात वेळ जात नाही.