कार्ड एकाचे, कर्ज घराचे

कामगाराला कर्ज नवे नाही. शाही मजूर आयोगाने १९३१ सालच्या अहवालात नमूद केले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि रुपयामागे दरमहा एक आणा व्याज सर्रास चालते. एक आणा म्हणजे वर्षाला शेकडा ७५. या सावकारीला कामगारांनी दिलेले उत्तर म्हणजे पतपेढी. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना पाया मिळाला आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने कर्जाचा हप्ता पगारातून कापून घेण्याची सोय केली.

शहाडला रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीत पतपेढीचे कर्ज समजावून सांगावे लागत नाही. अर्जावर जामीनदारांच्या सह्या होतात आणि पगाराच्या पावतीवर कपात छापून येते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. म्हणून सही करणारा दहादा विचार करतो. हे कर्ज चारचौघांत होते आणि चारचौघांना दिसते.

क्रेडिट कार्डाचे कर्ज मात्र मोबाइलमधल्या ॲपमध्ये राहते. तेथे जामीनदार नाही, कपात नाही आणि विचारणाराही कोणी नाही. तेव्हा ते वाचावे कसे, हे आपणच शिकले पाहिजे.

ॲपमध्ये बिलाच्या ठिकाणी दोन आकडे असतात : एकूण देणे आणि किमान देणे. किमान देणे भरले म्हणजे महिना निभावला, असा समज आम्हांला जागोजाग आढळतो. तो हिशेबाने तपासू. मागील बाकी २०,००० रुपये, व्याज दरमहा शेकडा साडेतीन आणि किमान देणे शेकडा पाच, म्हणजे १,००० रुपये, असे धरू. व्याज झाले ७०० रुपये. त्यावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर १२६ रुपये. हजारातले ८२६ असे गेले आणि मुद्दल फिटले अवघे १७४ रुपये. शिवाय बाकी शिल्लक असेतोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

हा दर वर्षाला शेकडा ४२ पडतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली शेकडा ३० ची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सांभाळावयाचे ते आपणच.

आता सामाईक कर्जाकडे वळू. समजा, दोन भाऊ एकत्र राहतात. थोरल्याच्या नावावर कार्ड आहे, धाकट्याला त्याच खात्यावर जादा कार्ड मिळाले आहे. धाकट्याने वस्तू घेतली आणि आपला वाटा देण्याचे कबूल केले. हा करार दोघां भावांतला. बँकेला त्याच्याशी कर्तव्य नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जादा कार्डाचे देणे मुख्य कार्डधारकाचेच असते. थकले तर पतनोंद थोरल्याची बिघडते आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना तीच नोंद आडवी येते. जामिनावर सही करताना जो विचार करतो, तोच जादा कार्ड देताना करावा.

आमचे सांगणे थोडे आहे. कार्डावरील खर्चाची मर्यादा ॲपमधून कमी करता येते. ती आपल्या पगाराच्या मानाने ठेवावी. खात्यातून आपोआप भरण्याची सूचना देताना ‘किमान’ नव्हे, ‘एकूण’ देणे निवडावे आणि त्या तारखेला खात्यात तेवढी रक्कम ठेवावी. बिल आले की घरातल्यांनी एकत्र बसून कोणाचा खर्च किती हे वहीत लिहावे. बाकी साचली असेल, तर पतपेढीचा दर विचारावा. तो कमी असल्यास ते कर्ज काढून कार्ड फेडावे आणि मग कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. देणे पूर्ण फिटलेले असल्यास बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावयाचे असते. पुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. चुकीच्या आकारणीबद्दल प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही.

हे सारे पगार चालू आहे तोवरच करावयाचे. शेजारच्या मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगारांना आपल्या घामाच्या पैशासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. कारखान्याला टाळे लागते, व्याजाला लागत नाही. अशा वेळी कर्ज घरापासून लपवणारा माणूस एकटा पडतो. ज्याचा हिशेब घराला ठाऊक आहे, त्याच्या पाठीशी घर उभे राहते. पतपेढीच्या वार्षिक सभेत आपण पैन् पैचा हिशेब मागतो. तोच हक्क घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः घर चालवणाऱ्या बाईला, मिळाला पाहिजे.