वंशवृक्ष खरोखर वृक्ष असतो का?

मूळ पुरुषापासून सुरू होणारी, बाडात जपून ठेवलेली वंशावळ संगणकावर चढवायची ठरली की पहिला प्रश्न उभा राहतो तो ती कोणत्या आकारात साठवावी हा. नावातच 'वृक्ष' असल्याने वृक्ष-रचनेकडे स्वाभाविक कल होतो. संगणकशास्त्रात मात्र या शब्दामागे एक कठोर अट आहे. मूळ सोडले तर प्रत्येक बिंदूला एकच जनक असला पाहिजे आणि फांद्या पुढे कोठेही एकमेकींना मिळता कामा नयेत. माणसाला तर आई आणि वडील असे दोन जनक असतात. मग आपल्या जुन्या वंशावळी वृक्षासारख्या नीट कशा बसल्या? कारण उघड आहे. त्यांत केवळ पुरुषांची नावे लिहिली जात. लेक सासरी गेली की तिची फांदी तेथेच खुंटे आणि सुनेला तर मूळच नसे.

गोव्यात ही उणीव केवळ भावनेची राहत नाही. येथील वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते आणि स्थावर मिळकत विकताना दोघांचीही संमती लागते. म्हणजे आजोबांची जमीन विकायची तर आत्याबरोबर तिच्या यजमानांचीही सही हवी. एक-चौदाच्या उताऱ्यावर जुनीच नावे राहिली आणि मधल्या दोन पिढ्या कागदावर आल्याच नाहीत, तर वारस कोण कोण हे वंशावळीवरूनच ठरवावे लागते. तेथे एक लेक गळली तर सारा व्यवहार वादात सापडू शकतो.

त्यात मामाच्या मुलीशी विवाहाची आपल्याकडची रीत जमेस धरा. अशा जोडप्याच्या मुलाचे आईकडचे एक पणजोबा आणि वडिलांकडचे एक पणजोबा ही एकच व्यक्ती असते. त्या पणजोबांपासून वृक्ष काढला तर हा मुलगा मुलाच्या फांदीवर एकदा आणि मुलीच्या फांदीवर पुन्हा एकदा येतो. संगणकाच्या लेखी ही दोन माणसे होतात. एका नोंदीत मृत्यूची तारीख भरली तरी दुसऱ्या नोंदीत तो हयातच राहतो! दत्तकाचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे, कारण जन्मदाते घर आणि दत्तक घर अशी दोन्ही नाती त्यात जपावी लागतात.

वृक्ष-रचना म्हणून टाकाऊ आहे असे मात्र नाही. पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये 'एलट्री' नावाची सोय आहे. तीत मुळापासूनची संपूर्ण वाट प्रत्येक नोंदीबरोबर लिहिलेली असते, त्यामुळे एखाद्या शाखेखालचे सारे वंशज एका फटक्यात सापडतात. किंमत मोजावी लागते ती शाखा हलवताना, कारण तिच्याखालच्या प्रत्येक नोंदीची वाट नव्याने लिहावी लागते. गाव, तालुका, जिल्हा अशा उतरंडीला ही रचना उत्तम शोभते. नात्यांना ती पुरत नाही.

दुसरा मार्ग ग्राफचा. येथे शाळेतील आलेखकागद डोळ्यांपुढे आणू नये. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे, एवढेच. प्रत्येक व्यक्ती हा एक बिंदू, तर जन्म, विवाह, दत्तक हे निरनिराळ्या प्रकारचे दुवे. एका बिंदूला कितीही दुवे जोडता येतात आणि वाटा पुन्हा एकत्र आल्या तरी काही बिघडत नाही. निओफोरजे, जेनसग्राफ, तसेच पोस्टग्रेसवरच बसणारे अपाचे एज ही या घराण्यातील मुक्तस्रोत साधने. 2016 साली 'पनामा पेपर्स'च्या सुमारे 1 कोटी 15 लाख दस्तऐवजांतून कंपन्या, संचालक आणि मध्यस्थ यांचे धागे उलगडताना शोधपत्रकारांनी निओफोरजे वापरले होते. कोण कोणाशी किती पायऱ्यांवरून जोडलेला आहे हे तेथे आधी ठाऊकच नव्हते, आणि असा प्रश्न ग्राफ डेटाबेसला मानवतो.

गंमत अशी की या डेटाबेसच्या पोटातही वृक्षच असतात. एखादे नाव चटकन शोधण्यासाठी लागणारी सूची निओफोरजेही बी-ट्रीच्याच एका प्रकारात ठेवते. बायर आणि मॅक्रेट यांनी 1970च्या सुमारास बोइंग कंपनीत काम करताना मांडलेली ही रचना आहे. प्रत्येक पातळीवर 100 फाटे धरले तर 10 लाख नोंदींतून हवी ती नोंद तीन पायऱ्यांत हाती लागते.

मग एका कुटुंबासाठी ग्राफ डेटाबेस बसवावा का? माझ्या मते बहुतेकांना त्याची गरज नाही. माहितीचा आकार ग्राफचा असला म्हणून साठवण्याचे साधनही ग्राफचेच हवे, असे नसते. ग्रॅम्प्स हे 2001 पासून चालत आलेले मुक्तस्रोत वंशावळ-साधन पाहा. त्यात व्यक्तीची नोंद वेगळी आणि कुटुंबाची वेगळी असते. आईवडील आणि मुले कुटुंबाच्या नोंदीला जोडली जातात आणि एकच व्यक्ती अनेक कुटुंबांत असू शकते. हे सारे एसक्यूलाइटच्या साध्या तक्त्यांत मावते. जनक, त्याचा जनक, असे पायरीपायरीने वर नेणारे प्रश्न पोस्टग्रेसला 2009 पासून आणि एसक्यूलाइटला 2014 पासून विचारता येतात. चार-पाच हजार माणसांचे कुळ असले तरी घरचा संगणक त्याचे उत्तर क्षणात देतो.

मुक्तस्रोत म्हणताना परवानाही वाचावा. निओफोरजेची सामुदायिक आवृत्ती खुली आहे, पण मोठ्या संस्थांसाठीची आवृत्ती 2018 च्या अखेरीपासून केवळ व्यावसायिक परवान्यावर मिळते. पुढच्या पिढीच्या हाती द्यायची माहिती एकाच साधनात अडकू नये यासाठी तिची एक प्रत गेडकॉम स्वरूपात काढून ठेवावी. 1980च्या दशकात आलेले हे स्वरूप निव्वळ मजकुराचे असल्याने साध्या संपादकातही उघडते, आणि त्यात लेक व जावई यांच्यासाठी मुलगा व सून यांच्याइतकीच जागा असते.