आठ पायांचं पिल्लू आणि आपले लाड

कर्ली हेअर जातीच्या टॅरंटुलाचं विकायला ठेवलेलं पिल्लू पाय पसरून जेमतेम सेंटिमीटरभर भरतं. गोळ्यांच्या बाटलीहून लहान प्लास्टिकच्या नळीत, ओलसर टिश्यू पेपरच्या बोळ्यात ते घरी येतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आधी ते सापडत नाही आणि सापडल्यावर त्यात घाबरण्यासारखं काय आहे तेही कळत नाही. हेच पिल्लू काही वर्षांनी पाय पसरून तळहात व्यापेल. काळपट तपकिरी अंग आणि त्यावर सोनेरी झाक असलेले लांब कुरळे केस. मादी निघाली तर वीस वर्षं सहज जगेल. म्हणजे दहावीतल्या मुलाने हट्ट करून आणलेला कोळी त्याच्या लग्नातही हयात असू शकतो.

ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांत टॅरंटुला पाळणं हा आता जुना छंद आहे. तिथल्या मराठी घरांतही तो शिरला आहे. भाड्याच्या घरात कुत्र्याला परवानगी नसते, मांजराची कुणाला अ‍ॅलर्जी असते, आणि मग मुलं या प्राण्यापाशी येऊन थांबतात. आवाज नाही, वास नाही, फिरायला न्यायला नको. आईबाबांचा विरोध मोडून काढायला एवढे मुद्दे पुरतात. पण नवख्या पालकाच्या हातून पिल्लू दगावतं ते सहसा दुर्लक्षामुळे नव्हे. जास्त ऊब, जास्त पाणी, जास्त खाणं आणि सारखं उघडून बघणं, या चार लाडांनी ते जातं.

निवडीपासूनच सुरुवात करायला हवी. कर्ली हेअर हा होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या भागातला जमिनीवर राहणारा कोळी. कोस्टा रिकाचे अभ्यासक कार्लोस वालेरिओ यांनी 1980 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याचं आजचं शास्त्रीय नाव टिलटोकॅटल आल्बोपिलोसस. ते उच्चारता आलं नाही तरी बिघडत नाही, पण विकत घेताना लिहून मात्र घ्यावं, कारण दुकानी नावं भोंगळ असतात. ही जात काटक आणि स्वभावाने शांत आहे. थोडं कोरडं झालं, थोडं थंड पडलं, तरी निभावून नेते. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा ब्रॅकिपेल्मा हामोरी दिसायला जास्त देखणा आहे, पण वाढतो फार सावकाश. आणि जितका काळ पिल्लू इवलंसं असतं, तितका काळ आपल्या चुका त्याला भोवतात. आफ्रिका-आशियातल्या जातींच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. त्या विजेसारख्या पळतात, चटकन चावायला उठतात आणि त्यांचं विष जास्त तीव्र असतं. टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, हे खरं. पण त्यांतल्याच पोएसिलोथेरिया गटातल्या कोळ्याच्या चाव्यानंतर स्नायूंत येणारे पेटके कित्येक दिवस छळतात, हेही तितकंच खरं.

नर की मादी हे या वयात कुणालाच सांगता येत नाही. थोडं मोठं झाल्यावर टाकलेल्या कातीचा पोटाकडचा भाग भिंगाखाली पाहून ते ठरवतात. नर वयात आल्यावर वर्ष-दोन वर्षांत संपतो, त्यामुळे ‘वीस वर्षं’ हा सौदा नशिबाचाच आहे.

घर लहान हवं. मोठ्या काचपेटीत सोडलेल्या पिल्लाला स्वतःचं खाणं सापडत नाही आणि आपल्याला पिल्लू सापडत नाही. झाकणाची छोटी पारदर्शक डबी पुरते. तिला तापवलेल्या सुईने भोकं पाडायची, तीही त्याच्या डोक्या-छातीच्या कठीण भागाहून बारीक, कारण तेवढा भाग जिथून निघतो तिथून सगळा कोळी निघतो. तळाशी कोकोपीटचा जाड थर द्यायचा, कारण पिल्लाला खोदायला आवडतं. आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंड्यांत पडणारं हेच कोकोपीट. मात्र खत किंवा कीटकनाशक मिसळलेलं चालत नाही. थर इतका वर यावा की डबीत उंची फारशी उरू नये. जमिनीवरचा हा कोळी डबीच्या भिंतीवर चढतो आणि पडतो. त्याचं पोट नाजूक असतं, पडून फुटलं की उपाय राहत नाही.

उबेचं वेड थंड देशात हमखास चढतं. ‘हा तर उष्ण कटिबंधातला जीव’ म्हणून डबीखाली हीटिंग मॅट ठेवली जाते. उकडायला लागलं की या कोळ्याची उपजत बुद्धी त्याला खाली खोदायला सांगते, आणि इथे खालीच तवा तापलेला. वरून दिवा लावला तर काही तासांत डबी सुकते. वीस ते सत्तावीस अंश सेल्सियस त्याला पुरेसं आहे. घरात साध्या कपड्यांत आपण निवांत बसू शकत असू, तर त्याचंही भागतं.

पाण्याचं गणित समजायला त्याचे पाय समजून घ्यावे लागतात. कोळ्याच्या पायांत ते आत ओढणारे स्नायू असतात, पण मुख्य सांध्यांत ते बाहेर ताणणारे स्नायूच नसतात. शरीरातला द्रव दाबाने पायांत ढकलून तो पाय पसरतो. अंगातलं पाणी कमी झालं की हा दाब पडतो आणि पाय पोटाखाली मुडपतात. मेलेला कोळी नेहमी आवळलेला दिसतो तो यामुळेच. इवल्याशा पिल्लाच्या अंगावर अजून मोठ्यासारखं जलरोधक आवरण धरलेलं नसतं, त्यामुळे ते लवकर सुकतं. म्हणून डबीचा एक कोपरा ओलसर राहील असं पाहायचं. आठवड्यातून एकदा ड्रॉपरने कडेला थोडं पाणी सोडलं की झालं. दुसरा कोपरा कोरडा ठेवायचा, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. रोज फवारे मारून, भोकं बुजवून दमट कोंदट डबी केली, की बुरशी धरते आणि पिल्लू जातं. थोडं मोठं झाल्यावर बाटलीचं छोटं झाकण पाण्याने भरून ठेवावं. त्यात स्पंज नको, तो फक्त घाण साठवतो.

खाण्याच्या बाबतीत आपली माया आणखी उतू जाते. एवढंसं पोर, रोज भरवायला नको का? नको. पाच-सात दिवसांतून एकदा पुरे. रातकिड्याचा एखादा पाय, पंख नसलेली फळमाशी किंवा डोकं चिरडलेल्या मीलवर्मचा तुकडा. भक्ष्य त्याच्या पोटाहून मोठं नसावं. लहान पिल्लं मेलेलं बिनतक्रार खातात. मीलवर्मचं डोकं चिरडायचं कारण असं, की जिवंत अळी कोकोपीटमध्ये घुसून बसते आणि नेमकी कात टाकताना त्याला कुरतडते. उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. तिकडे कोळ्यांसाठी खास पैदास केलेली झुरळं पैसे मोजून विकत घेतात, हे ऐकून आपल्या घरातल्या कुणालाही हसू येईल. पण घरातलं झुरळ द्यायचं नाही, त्याने कोणतं औषध चाटलं असेल सांगता येत नाही. डासांची अगरबत्ती, खोलीत मारायचा स्प्रे, कुत्र्याच्या मानेवर लावायचं पिसवांचं औषध यांत बहुतेकदा कीटकांसाठीचं विष असतं आणि ते कोळ्यालाही सोडत नाही.

मग एक दिवस ते खाणं सोडतं. पोट फुगलेलं, गडद आणि चकचकीत दिसतं, बिळाचं तोंड आतून मातीने बंद होतं. नवख्याचा धीर सुटतो तो इथे. काही आठवडे अन्नाचा कण नाही, दर्शन नाही. लोक माती उकरून पाहतात, आणि तेच करायचं नसतं. त्याची कात टाकायची वेळ आलेली असते.

हा प्रकार मी इंग्लंडला भाचीच्या टेबलावर पाहिला. तिच्या पिल्लाने बिळाबाहेरच बैठक मारली होती, म्हणून दिसलं. ते उताणं पडलं होतं, आठही पाय वर.

“अगं, गेला की हा.”

“मावशी, हात लावू नकोस. कात टाकतोय तो. पालथा आणि पाय आवळलेला दिसला तर घाबरायचं, उताणा असला तर नाही.”

पुढचा बराच वेळ आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. आधी डोक्या-छातीवरचं कवच एका कडेने सुटलं, मग पोटाच्या बाजूंची कातडी फाटत खाली सरकली. त्यानंतर हातमोज्यातून बोटं काढावीत तसे पाय एकदम थोडे थोडे बाहेर येऊ लागले. मध्येच सगळं थांबायचं, पुन्हा एक ढकल. अखेर शेजारी एक पोकळ कोळी पडला होता आणि हा ओलसर, फिका, आधीपेक्षा मोठा. त्याचे विषदंत पांढरेशुभ्र होते. कोळी नुसती वरची साल टाकत नाही, पुस्तकाच्या पानांसारखे पदर असलेल्या फुप्फुसांचं आणि जठराचं अस्तरही त्या कातीबरोबर बाहेर येतं. तुटलेला पाय असेल तर तोही पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा उगवतो.

पांढरे दंत म्हणजे मऊ दंत. ते आधी लालसर आणि मग काळे होईपर्यंत खाणं द्यायचं नाही. पिल्लाला चार-पाच दिवस ते आठवडा, मोठ्या कोळ्याला त्याहून जास्त काळ लागतो. एवढ्यात जिवंत रातकिडा आत टाकला, तर शिकारी कोण आणि शिकार कोण याची उलटापालट होते. पिल्लू काही आठवड्यांनी किंवा महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतं. मोठ्या मादीला वर्ष किंवा अधिक लागतं.

हातावर घ्यायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. त्याला माणसाचा लळा लागत नाही. आठ डोळे असूनही त्याला धड दिसत नाही, सगळं जग कंपनांतून कळतं. आपला हात म्हणजे त्याच्यासाठी हलणारी, गरम, अनोळखी जमीन. तो दचकला तर पडतो, आणि पडला तर फुटतो. शिवाय अमेरिका खंडातले बरेच टॅरंटुला चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे आकडेदार केस उडवतात. इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका तरुणाची हकिकत 2010च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. काचपेटीवरचा डाग पुसताना त्याच्या चिलियन रोझ जातीच्या टॅरंटुलाने केसांचा फवारा सोडला. तीन आठवडे डोळा लाल, दुखरा, पाण्याने भरलेला. डॉक्टरांनी मोठ्या भिंगातून पाहिलं तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले केस दिसले, आणि ते चिमट्याने निघण्यासारखे नव्हते. पेटी साफ करताना चष्मा लावायचा आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही, ही शिस्त पिल्लू लहान असतानाच लागलेली बरी.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्या कुणाला हौस आली असेल, तर थोडं थांबा. 2021च्या जुलैमध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. आत थर्माकोलच्या खोक्यात चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या 107 नळ्या होत्या आणि प्रत्येकीत जिवंत कोळी. परवाना कसलाच नव्हता. ते सगळे पोलंडला परत पाठवायचं ठरलं. कर्ली हेअर आणि लाल गुडघ्यांचा कोळी, दोन्ही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. 2022च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याची चौथी अनुसूची अशाच प्रजातींची आहे, आणि 2024च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्याला ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘पोस्टाने येतो हो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या नळीबरोबर कायद्याचं झेंगट घरात येतं.

उलट्या दिशेची चोरी तर याहून वाईट. आंध्र प्रदेशातल्या, मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीजवळ सापडलेला निळा पोएसिलोथेरिया मेटॅलिका पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये नोंदवला. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला, आणि बघता बघता युरोप-अमेरिकेतल्या काचपेट्यांत पोहोचला. आज तिकडे त्याची पैदास होते, इकडे तो अतिसंकटग्रस्त आहे. 2019 मध्ये हा सगळा गट साइट्सच्या यादीत गेला.

तेव्हा परदेशात राहणाऱ्यांनी पिल्लू बंदिवासात जन्मलेलं आहे ना, एवढं विक्रेत्याकडून लेखी घ्यावं, मग डबी फळीवर ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच उघडावी. इथे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या घाटात बॅटरी घेऊन रात्री दरडीकडेने जाणकारासोबत फिरावं. मातीत रेशमाचं अस्तर लावलेली बिळं दिसतील, नशीब असेल तर दारात बसलेला मालकही दिसेल. फोटो काढा, पण बिळात काडी घालू नका आणि डबी बरोबर नेऊ नका.