घरात कॉम्प्युटर येताना: आधी काम, मग सुटे भाग

दहावी-बारावीचे निकाल लागले की गोखिवऱ्यातले पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, मुलगा कॉम्प्युटर मागतोय. गेम चालणारा पाहिजे म्हणतो, डिझाइनिंगही त्यावरच शिकणार म्हणतो. घ्यावा का? आणि केवढ्याचा?" कधी हाच प्रश्न मुलीसाठी असतो, पण तेव्हा आवाज जरा खाली येतो.

प्रश्न साधा नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांत काम करणाऱ्या घरात पन्नास-साठ हजार रुपये साठायला वर्ष-दोन वर्षे जातात. त्याच पैशात धाकट्याची फी असते आणि दवाखान्याची राखीव रक्कम असते. चुकीचे यंत्र घरात आले तर कोर्स अर्धवट राहतो आणि पैसाही परत येत नाही. म्हणून "गेमसाठी कशाला पैसे घालवायचे?" असे म्हणून विषय झटकून टाकण्यात अर्थ नाही, आणि मुलाने मोबाइलवर दाखवलेली यादी डोळे मिटून विकत घेण्यातही नाही.

एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. गेमचा कॉम्प्युटर आणि डिझाइनचा कॉम्प्युटर या दोन वेगळ्या जाती नाहीत. गेममध्ये पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा नव्याने काढावे लागते. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. थ्रीडी डिझाइनमध्ये वस्तूवर पडणारा प्रकाश आणि सावली मोजण्याचे कामही तेच कार्ड करते. त्यामुळे मुलगा म्हणतो ते खोटे नसते. फक्त सगळ्या डिझाइनला महाग कार्ड लागत नाही, हे तो सांगत नाही.

आधी काम लिहून काढा

दुकानात जाण्याआधी घरात बसून कागदावर लिहा: पुढच्या दोन वर्षांत या यंत्रावर नेमके काय होणार आहे?

लग्नपत्रिका, बॅनर, मालाची लेबले, कॅटलॉग असे काम असेल तर फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल ड्रॉ आणि उर्दू मजकुरासाठी इनपेज लागते. या कामाला चांगला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर लागतो. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय हे काम आरामात होते. आपल्या भागात पॅकेजिंगचे, प्लास्टिकचे, इंजिनीअरिंगचे गाळे आहेत. त्यांना लेबल आणि कॅटलॉग लागतातच. उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांचा मजकूर नीट जुळवून बसवणारा हात मिळणे सोपे नाही. आपल्या मुलांकडे ही ताकद घरातूनच आलेली असते.

व्हिडिओ एडिटिंग करायचे असेल तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आतच असलेले ग्राफिक्स उपयोगी पडते, कारण व्हिडिओ उलगडण्याचे आणि पुन्हा बांधण्याचे काम ते झपाट्याने करते. इथे एक अक्षर लक्षात ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, जसे आय-५ १२४००एफ, तर त्यात हे आतले ग्राफिक्स चालत नाही. तो थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

थ्रीडी शिकायचे असेल, म्हणजे ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर, तर मात्र कार्ड हवे. ब्लेंडरमध्ये एनव्हिडियाच्या कार्डांना चांगला वेग मिळतो, आणि कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी असेल तर मोठे दृश्य अडत नाही. ब्लेंडर स्वतः मोफत आहे.

राहिले गेम. व्हॅलोरंटसारखा खेळ हलका आहे, तो आतल्या ग्राफिक्सवरही चालतो. नवे मोठे गेम जड असतात. मुलाला विचारा, कोणते गेम? नावे लिहून घ्या. उत्तर 'सगळे' असे असेल तर यादी अजून झालेली नाही.

शंभर रुपयांची वाटणी

सुट्या भागांचे भाव महिन्यागणिक बदलतात, म्हणून आम्ही आकड्यांऐवजी प्रमाण सांगतो. गेम आणि डिझाइन दोन्ही करायचे असेल तर दर शंभर रुपयांतले साधारण ३० ग्राफिक्स कार्डाला, १७ प्रोसेसरला, १३ मॉनिटरला, १२ रॅमला, १० मदरबोर्डला, ८ एसएसडीला, ६ एसएमपीएसला आणि उरलेले ४ कॅबिनेट, कीबोर्ड व माउसला. यूपीएसचा खर्च वेगळा धरा.

प्रोसेसर सहा कोअरचा पुरतो. इंटेलचा आय-५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी हे दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे आहेत आणि दोन्हींत आतले ग्राफिक्स आहे. कार्डाविना गेम खेळायचे तर ५६००जी पुढे आहे, व्हिडिओच्या कामाला १२४०० बरा. पुढे प्रोसेसर बदलण्याची इच्छा असेल आणि हात थोडा सैल असेल तर एएमडीचा नवा एएम५ सॉकेट बघा. हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असे कंपनीने जाहीर केले आहे. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते.

मदरबोर्ड घेताना तीन गोष्टी जुळतात का बघा: सॉकेट प्रोसेसरचा आहे का, रॅम डीडीआर४ की डीडीआर५, आणि रॅमचे खण किती. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खणात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

रॅम १६ जीबी घ्या, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम माहिती ओढतो, आणि आतले ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने फरक लगेच जाणवतो. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या यंत्रांसाठी कारखान्यांचा माल तिकडे वळला. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा आपला धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा एखाद्या दुकानदाराने गेल्या वर्षीपेक्षा जास्त भाव सांगितला तर तो लुटतोच आहे असे समजू नका. तीन ठिकाणी विचारून घ्या.

मॉनिटरवर काटकसर करू नये, असे आमचे मत आहे. आयपीएस पॅनेल आणि एसआरजीबी रंगांपैकी ९९ टक्के दाखवणारा २४ इंची मॉनिटर घ्या. पडद्यावर हिरवा एक आणि छापून आल्यावर दुसराच दिसला तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

हप्ते की दोन टप्पे?

दुकानात आणि ऑनलाइन 'नो कॉस्ट ईएमआय' असे लिहिलेले असते. व्याज नाही म्हणून आपली माणसे निश्चिंत होतात. बहुतेक वेळा असे असते की बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. बिलाच्या कागदावर व्याज असतेच, त्यावर जीएसटी लागतो, वर प्रोसेसिंग फीही असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही. ज्या घरांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी करार वाचल्याशिवाय सही करू नये.

याला सरळ पर्याय आहे. वरच्या वाटणीत शंभरातले सत्तर रुपये कार्ड सोडून इतर सर्व भागांचे आहेत. आतले ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन आधी तेवढेच यंत्र उभे करा. त्यावर पहिल्या दिवसापासून लेबल, पत्रिका, बॅनर, साधे व्हिडिओ आणि हलके गेम चालतात. सहा-आठ महिन्यांनी, शक्यतो त्याच यंत्रावर झालेल्या कमाईची भर घालून, कार्ड आणा. एवढेच करा की एसएमपीएस सुरुवातीलाच नामांकित कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणित, ५५० वॅटचा घ्या, म्हणजे कार्ड आल्यावर तो बदलावा लागणार नाही. सब्राचे फळ इथे रोख मिळते: तोवर मुलाला खरोखर थ्रीडीची आवड आहे की नाही हेही कळते.

बाजारात डोळे उघडे ठेवा

आपल्याकडून विरार-चर्चगेट फास्ट लोकलने तासाभरात मुंबई सेंट्रल, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून मधला वार निवडा. वसई-नालासोपाऱ्यातही असेंबल करून देणारे आहेत, आणि जवळचा दुकानदार दुरुस्तीला बरा पडतो. कुठेही घ्या, या सापळ्यांपासून सावध राहा.

पहिला सापळा: वीस-पंचवीस हजारांत 'गेमिंग पीसी', काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिवे. आत बहुधा दहा वर्षे जुना आय-५ असतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ते यंत्र घेतानाच मुदत संपलेले असते. 'आय-५ आहे ना?' एवढे विचारून थांबू नका, कितवी पिढी ते विचारा.

दुसरा सापळा: '४ जीबी ग्राफिक्स कार्ड'. जीबी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे, ती फक्त त्याची मेमरी. जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड ४ जीबीतही मिळते, पण ५६००जी प्रोसेसरमधले फुकटचे ग्राफिक्स त्याच्या पुढे आहे. नाव सारखे म्हणून माल सारखा असेही नसते. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत येते, आणि ६ जीबीवाल्यात नुसती मेमरीच नव्हे, गणित करणारे कोअरही कमी आहेत.

तिसरा सापळा: वापरलेले किंवा नकली कार्ड. काही जुन्या कार्डांत फेरफार करून नव्या कार्डाचे नाव दाखवले जाते. दुकानातच जीपीयू-झेड हे छोटे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा, आणि एखादा जड गेम पंधरा मिनिटे चालवायला सांगा. नाखूश दुकानदाराकडून वापरलेले कार्ड घेऊ नका.

बिल जीएसटीचे घ्या आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला बिनबिलाचा माल घेतला तर वॉरंटीच्या वेळी हात रिकामा राहतो. तक्रार दाद न मिळता अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

वसईची हवा, वसईची वीज

आपल्याकडे खाडीची दमट हवा, गाळ्यांची धूळ आणि पावसाळ्यात जाणारी वीज. जाळी काढून धुता येईल असे कॅबिनेट घ्या. ते जमिनीवर ठेवू नका. जुलै २०१८ चे पाणी आठवत असेल तर याचे कारण सांगायला नको. खोलीत अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही.

यूपीएसवर लिहिलेला व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हे. साधा हिशोब साठ टक्के धरा: ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॅट. कार्डाशिवायच्या यंत्राला तेवढा पुरतो. कार्ड आणणार असाल तर १००० व्हीएचा घ्या. काम सेव्ह करून यंत्र नीट बंद करायला पाच मिनिटे मिळाली, की त्याचे काम झाले.

यंत्र कोणाचे?

आता शेवटची आणि आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. यंत्र बहुधा मुलाच्या नावाने येते, मुलाच्या खोलीत लागते, आणि बहिणीने मागितले की "थांब, मॅच चालू आहे." वर्गात आम्ही बघतो, रंगांची आणि अक्षरांची जाण कितीतरी मुलींना असते. घरी बसून, आपल्या वेळेत करता येईल असे हे काम आहे. मग पैसे सगळ्या घराने साठवलेले असताना तास एकट्याचे का? यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवा. दोघांची वेगवेगळी खाती उघडा आणि तासांची वाटणी भिंतीवर लावा. कामाचा तास आधी, खेळाचा नंतर, हा नियम दोघांना सारखा. अब्बांनी एकदा ठाम सांगितले की रोज वाद होत नाही.

खेळाबद्दल एक फरक मुलांना समजावून द्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. खेळ म्हणजे जुगार नव्हे, पण खेळात पैसा लावला की तो जुगारच होतो. घरातल्या बँक कार्डाचा नंबर त्या यंत्रात साठवून ठेवू नका.

सॉफ्टवेअर चोरीचे घेऊन कमाईची सुरुवात करू नये. ब्लेंडर, चित्रासाठी क्रिटा, रेखाटनासाठी इंकस्केप ही मोफत आणि कायदेशीर आहेत. नस्तालिकचे मोफत युनिकोड फॉन्टही मिळतात. शिकायला एवढे भरपूर आहे. गिऱ्हाईक मिळाले, पैसे येऊ लागले, की हवे ते सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर घेता येते.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने यादी आणली तर ती फाडू नका. चटईवर सगळे बसा आणि प्रत्येक भागापुढे एकच प्रश्न लिहा: हा कोणत्या कामासाठी? ज्याच्यापुढे उत्तर येणार नाही तो भाग खोडा. जी यादी उरेल ती घेऊन बाजारात जा. अल्लाह मुलांच्या इल्मात आणि घरच्या कमाईत बरकत देवो.