खिडकीजवळची जागा

“तुम्हाला प्रवासाची आवड आहे का?” असं कुणी विचारलं की आपण चटकन म्हणतो, “आहे की! दर सुट्टीत जातोच आम्ही कुठेतरी.” लग्नानंतर तेवीस वर्षं मीही हेच सांगत आले. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? तो प्रवास नव्हताच. घर उचलून दोन दिवस दुसरीकडे नेऊन मांडायचं, एवढाच तो उद्योग होता.

तुमचंही तसंच होत असेल. निघण्याआधी दोन दिवस दशम्या, लसणाची चटणी, चिवडा. सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे जादा कपडे, गॅस बंद केला की नाही याची धाकधूक. गाडीत खिडकी मुलांना, मांडीवर पिशवी आपल्याला! गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा समोरच्या अफाट समुद्राकडे पाठ करून मी आठ जणांच्या चपला आणि टॉवेल राखत बसले होते. कुणी बसवलं नव्हतं हो, माझी मीच बसले!

गेल्या वर्षी मात्र एक गंमत झाली. आम्ही साताऱ्याला राहतो. वाईला मामेबहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. ह्यांना कामामुळे जमेना, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून एकटीच एस.टी.त बसले. खिडकीजवळची जागा मिळाली. पाचवडला बस महामार्ग सोडून वळली आणि दोन्ही बाजूंना उसाचे, हळदीचे मळे सुरू झाले. या रस्त्याने मी दहा वेळा तरी गेले असेन, पण हे मळे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

दुपारी कार्यक्रम लवकर आटोपला. सरळ स्टँडवर जायचं, तर पाय घाटाकडे वळले. ढोल्या गणपतीला नमस्कार आपण सगळ्याच करतो. पण देवळाच्या मागे जाऊन कधी बघितलंय? १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. मी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले. इतक्या वेळा दर्शन घेऊन गेले, पण मागे कधी डोकावलेच नव्हते!

तिथे कळलं की मेणवली तीनच किलोमीटरवर आहे. मनात आलं, जावं का? लगेच दुसरं मन म्हणालं, उशीर होईल, घरी काय म्हणतील? पाच मिनिटं तशीच घुटमळले आणि मग रिक्षाला हात केला.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. मागे कृष्णेचा दगडी घाट, आणि तिथे देवळापाशी एक भली मोठी घंटा टांगलेली. जवळ जाऊन बघते तर तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल! चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातलीच ही एक. वसईच्या समुद्राकाठची घंटा कृष्णाकाठी येऊन आपल्या देवापुढे राहिली. मी घाटाच्या पायरीवर अर्धा तास नुसती बसले. हातात काही काम नाही, कुणाची वाट बघणं नाही. तेव्हा लक्षात आलं, अगंबाई, आपल्याला हे आवडतंय! आणि ही आवड आजची नाही. शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट फिरवत बसणारी मुलगी मीच होते की!

घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले. फोन करून कळवलं होतं, तरी ह्यांचा चेहरा गंभीरच. सासूबाईंनी विचारलं, “कोण होतं बरोबर?” मी म्हटलं, “कोणी नाही, एकटीच होते.” जेवणं होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. आपण काहीतरी चोरून आणलंय, असंच मला वाटत राहिलं.

दोन दिवसांनी मेथी निवडताना सासूबाई हळूच म्हणाल्या, “ती घंटा केवढी आहे गं?” मी हात पसरून दाखवलं. जरा वेळाने म्हणाल्या, “तुला काय बघायचंय, असं मला जन्मात कुणी विचारलं नाही बघ.”

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. कारण मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात आम्ही दोघी लिंबला गेलो, बारा मोटांची विहीर बघायला. साताऱ्यापासून ती पंधरा-सोळा किलोमीटरवर, पण सासूबाईंनी ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाहिली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही विहीर बांधली ती एका बाईने, वीरूबाई भोसले यांनी! अष्टकोनी विहीर, तिच्यातच महालासारखी खोली, भिंतींवर कोरलेले प्राणी. सासूबाईंना उतरणं जमेना. त्या वर बसूनच विचारत होत्या, “आता काय दिसतंय? सांग ना!” येताना खिडकीजवळ त्याच बसल्या.

तुम्हीही बघा बरं जमवून. सुरुवात जवळच्याच गावापासून करा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं ठिकाण निवडा. राज्यात एस.टी.ला मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा. भाजीच्या पैशांतून उरलेले दहा-वीस रुपये एका डब्यात टाकत जा आणि त्या डब्याला दुसऱ्या खर्चाचा हात लावू देऊ नका. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवा आणि घरी सांगा. पायात जुन्या, सरावाच्या चपला घाला. स्वच्छतागृहाची पंचाईत सगळीकडे असते, म्हणून मोठ्या स्टँडवर किंवा ओळखीच्या घरी जाऊन या. पण त्या भीतीने पाणी पिणं मात्र टाळू नका. आणि हो, मागे राहणाऱ्यांसाठी तीन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवू नका! एक वेळचा पिठलं-भात कुणालाही जमतो.

ह्यांना अजून हे सगळं जरा चमत्कारिकच वाटतं. “कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही, मग जायचं कशाला?” असं विचारतात. उत्तर अगदी साधं आहे, पण ते तोंडातून यायला मला तेवीस वर्षं लागली. “मला बघायचंय म्हणून.”

तुम्ही इतका उशीर लावू नका. आणि जाताना घरातल्या मोठ्या बाईला एकदा विचारा, त्यांना काय बघायचं राहिलंय ते.